आठ बाय आठ फुटांची सोन्याची जमीन

सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या पुढे गेला तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही. त्यात मेलबर्नला राहणाऱ्या भाच्याने एक व्हिडिओ टाकला. निलगिरीच्या झाडांच्या रानात उभा, कानाला हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर, आणि मोबाइलच्या पडद्यावर एक सरकारी कागद. "मावशी, हा बघ मायनर्स राइट. रीतसर काढलाय. दहा वर्षं चालतो. आता सोनं सापडलं तर ते माझं!"

ग्रुपवर प्रश्नांची झोड उठली. कुणाच्याही जमिनीत खणता येतं का? सरकार काही म्हणत नाही? आपल्याकडे गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि तिथे खिशात घालून घरी न्यायचं? २०२३ मध्ये मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याच व्हिक्टोरियात एका हौशी माणसाला ४.६ किलोचा दगड सापडला होता आणि त्यातून २.६ किलो सोनं निघालं होतं. ती बातमी वाचूनही असेच प्रश्न आले होते.

त्या कागदाच्या मागे एक मोठी हकीकत आहे. १८५४ साली बॅलरॅट नावाच्या गावात किमान २७ माणसं मेली, त्यानंतर तो कागद जन्माला आला. भाच्याकडे गेले होते तेव्हा बॅलरॅट पाहिलं. पण तिथला गुंता उलगडायला परत आल्यावर बरंच वाचावं लागलं. तेच इथे मांडते आहे.

जमिनीखालचं सोनं कुणाचं?

इंग्रजी कायद्यात याचं उत्तर १५६८ पासून ठरलेलं होतं. जमीन कुणाचीही असो, तिच्या पोटातलं सोनं आणि चांदी राजाची. व्हिक्टोरिया ही ब्रिटिशांची वसाहत, त्यामुळे तिथलं सोनं राणीचं, आणि राणीच्या वतीने गव्हर्नरचं.

१ जुलै १८५१ ला व्हिक्टोरिया वेगळी वसाहत झाली आणि त्याच महिन्यात क्लून्सला सोनं मिळाल्याचं जाहीर झालं. ऑगस्टमध्ये बॅलरॅट, वर्ष संपता संपता बेंडिगो. मेंढपाळांचा मुलूख, लोकसंख्या ७७ हजारांच्या आसपास. दहा वर्षांनी तीच ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. खलाशी जहाजं बंदरात टाकून पळाले, कारकुनांनी कचेऱ्या सोडल्या, पोलिसांनीसुद्धा नोकऱ्या सोडल्या. गव्हर्नर ला ट्रोब यांना हा लोंढा थांबवणं शक्य नव्हतं. त्यांनी १ सप्टेंबर १८५१ पासून परवाना लावला. खणायचं असेल तर महिन्याला ३० शिलिंग भरा, म्हणजे दीड पौंड. सरकारला पैसाही मिळेल आणि ऐपत नसलेली माणसं आपापल्या कामावर परततील, असा दुहेरी हिशेब होता.

हा परवाना म्हणजे आपल्या आठवडी बाजारातली पावती समजा. पावती फाडली की बाजारात बसायची मुभा मिळते. भाजी विकली जावो न जावो, पावतीचे पैसे गेलेच.

मग क्लेम म्हणजे काय?

परवाना म्हणजे खणायची मुभा, आणि क्लेम म्हणजे खणायची जागा. प्रत्येक डिगरला (स्वतःसाठी खणणाऱ्याला तिथे डिगर म्हणत) जमिनीचा एक तुकडा मिळे. सुरुवातीला तो किती होता? आठ फूट बाय आठ फूट. मुंबईतली चाळीची खोली दहा बाय दहाची, त्याहूनही लहान. पुढे तो बारा बाय बारा झाला. चौघांनी मिळून घेतला तर चोवीस बाय चोवीस.

लोकांचा घोटाळा इथेच होतो. क्लेम म्हणजे मालकी नव्हे. सातबाऱ्यावर नाव लागत नव्हतं. तो तुकडा विकत घेतलेला नसे, आणि नुसता धरून ठेवून नातवंडांना देता येईल असाही नसे. एसटी थांबली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ती जागा. रुमाल टाकला हे ठीक, पण तुम्ही येऊन बसला नाहीत तर दुसरा बसणारच, आणि बाकीचे प्रवासीही त्याचीच बाजू घेणार. क्लेमच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, आणि मग तिथे रोज काम दिसलं पाहिजे. रविवार सोडून एक दिवस काम बंद पडलं की दुसऱ्याला तो क्लेम घेता येई. खड्ड्यात कुदळ-फावडं पडलेलं दिसलं की समजायचं, माणूस इथलाच आहे, येईल.

आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' म्हणतात. तिथलं सूत्र होतं 'खणेल त्याचा खड्डा'. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पैसेवाल्याने शंभर क्लेम अडवून ठेवायचे आणि गरिबाने बघत राहायचं, हे त्यामुळे होऊ शकत नव्हतं. राजा असो वा खलाशी, दोघांना आठ बाय आठच.

माती धुतात म्हणजे नेमकं काय करतात?

बॅलरॅटला सॉव्हरिन हिल नावाचं जुन्या सोनेगावासारखं वसवलेलं संग्रहालय आहे. तिथल्या ओढ्यावर कुणालाही माती धुऊन बघता येते. मीही बसले. पत्र्याचं पसरट ताट, त्यात ओंजळभर वाळू-गोटे. ताट पाण्यात बुडवायचं, हलवायचं, किंचित कलतं करायचं, वरचं पाणी आणि गोटे सोडून द्यायचे, परत हलवायचं. दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की ही क्रिया मला येते. आई तांदूळ रोळायची तेच हे. हलके तांदूळ पाण्याबरोबर पुढे येतात आणि खडे तळाशी राहतात. इथे फक्त तळाशी राहिलेलं ठेवायचं. सोनं पाण्याच्या १९ पट जड आणि वाळू जेमतेम अडीच पट, त्यामुळे ते हटकून खाली बसतं. आपल्या सराफ बाजारातले झारेकरी सोनारांच्या दुकानातला केरकचरा धुऊन सोन्याचे कण काढतात, तेही याच न्यायाने.

गार पाण्याने बोटं बधिर झाली. शेवटी ताटात काळ्या वाळूची एक कोर उरली, आणि तिच्या कडेला मोहरीच्या पावपट एक पिवळा कण दिसला. ओल्या बोटाच्या टोकाला तो चिकटला. खरं सांगते, हृदय धडधडलं. एवढ्याशा कणाने माझं हे झालं, तर घरदार सोडून जहाजात चार महिने काढून आलेल्या माणसाचं काय होत असेल?

ताटाने काम फार हळू होतं, म्हणून डिगर 'पाळणा' वापरत. लाकडी पेटी, खाली बाळाच्या पाळण्यासारखे वाकडे पाय, वर चाळणी. एकाने माती-पाणी ओतायचं, एकाने झुलवायचं. तळाच्या आडव्या पट्ट्यांशी सोनं अडकतं. शेकडो पाळण्यांचा खडखडाट दिवसभर साऱ्या खोऱ्यात घुमत असे.

दिवस कसा जायचा?

चौघांचं टोळकं सोयीचं. एक खाली खड्ड्यात, एक वर रहाटावर, एक माती वाहून नेणारा आणि एक पाळण्यावर. राहायला कापडी तंबू, जमल्यास झाडाच्या सालींचं धुराडं. जेवायला मटण, चहा आणि निखाऱ्यांच्या राखेत भाजलेली जाड रोटी, तिला डँपर म्हणत. मटण इतकं का? मेंढ्यांचाच मुलूख तो, भाजीपेक्षा मटण सहज मिळे. रविवारी खणणं बंद. त्या दिवशी कपडे धुणं, पत्र लिहिणं, दाढी, कुणाचं प्रवचन. दारूविक्रीला सुरुवातीची काही वर्षं बंदी होती, म्हणून ती तंबूच्या मागच्या बाजूने विकली जाई.

झाडं तोडून डोंगर बोडके झाले. ओढ्याचं पाणी पिवळ्या चिखलाचं, आणि तेच पाणी प्यायला. हगवणीने माणसं जात, आणि मुलं सगळ्यात आधी. कॅसलमेनजवळ पेनीवेट फ्लॅट नावाची छोटी दफनभूमी आहे. पेनीवेट म्हणजे औंसाचा विसावा भाग. त्या जागेत सोनं नगण्य होतं, म्हणून नाव असं पडलं. आणि सोनं नव्हतं म्हणूनच ती पुरण्यासाठी मोकळी राहिली. १८५२ ते १८५७ या काळात तिथे सुमारे दोनशे जणांना पुरलं, बहुतेक लहान मुलं. खडकाळ जमिनीत खोल खणता आलं नाही, म्हणून वर दगड रचले आहेत.

बॅलरॅटमध्येच ठिणगी का पडली?

कारण तिथलं सोनं खोल होतं. लाखो वर्षांपूर्वी तिथे नद्या वाहत होत्या, त्यांच्या तळाच्या गोट्यांत सोनं साठलं. मग लाव्हारस वाहत आला आणि काही नद्या त्याखाली गाडल्या गेल्या. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तसाच तो पाषाण. वर सपाट माळ दिसतो आणि शंभर-दीडशे फुटांखाली कोरडी, गाळाने भरलेली नदी असते.

म्हणजे बॅलरॅटच्या डिगरला विहीर खणावी लागे. दीडशे फुटांची विहीर, चार माणसं, हातात कुदळ. बाजू ढासळू नयेत म्हणून फळ्यांनी बांधून घ्यायच्या. पाणी लागलं की रात्रंदिवस पोहऱ्याने उपसायचं. खालची हवा कोंदट, म्हणून वरून कापडी नळा सोडायचा आणि त्यातून वारा खाली घ्यायचा. अशा कामाला सहा-सात महिने सहज लागत, आणि तोवर मिळकत शून्य. शेवटी कळायचं की जुन्या नदीचं पात्र आपल्या क्लेमखालून जातच नाही, वीस फूट बाजूने जातं. अशा रिकाम्या विहिरीला ते 'डफर' म्हणत.

म्हणून एक युक्ती निघाली, 'राखण'. नदीच्या संभाव्य वाटेवर क्लेम धरायचा, नियमापुरतं रोज थोडं खणायचं आणि शेजाऱ्याची विहीर कुठे लागते ते बघत बसायचं. मेंढ्या राखणाऱ्याच्या कामावरून तिला तिकडे शेपर्डिंग म्हणत. रुमालावर नुसतं टेकून बसण्यासारखं ते, पण त्यात गैर काही नव्हतं, नियमात बसत होतं.

आता आठवडी बाजाराची पावती आठवा. माल अजून जमिनीत दीडशे फुटांवर आहे, विक्री सहा महिन्यांनी झाली तर झाली, आणि पावती दर महिन्याला फाडायची.

दीड पौंडासाठी एवढा राग?

हा प्रश्न रास्त आहे. सोन्याचा औंस तेव्हा साधारण तीन पौंडांना जात होता. म्हणजे परवाना अर्ध्या औंसाचा, आजच्या हिशेबाने महिन्याला सुमारे दीड तोळा. ज्याला सोनं लागलं त्याला हे काहीच नव्हतं, आणि ज्याला नाही लागलं त्याने ते कुठून आणायचं? सरकार दोघांकडून सारखंच घेत होतं.

आणि बाजूला काय दिसत होतं? ४,००० मेंढ्या चरतील एवढ्या सरकारी रानाचं वर्षाचं भाडं १० पौंड. आठ फुटांच्या चौकोनाचे वर्षाला १८ पौंड. रानवाल्यांचे प्रतिनिधी विधान परिषदेत होते, डिगरना मतच नव्हतं. बेंडिगोच्या डिगरनी १८५३ मध्ये हजारो सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा परवाना महिन्याला एक पौंडावर आला. पण नुसत्या पैशाचा प्रश्न असता तर तो तिथेच मिटला असता.

परवाना सदैव अंगावर बाळगावा लागे. तपासणीला पोलीस आले की चिखलाने माखलेल्या माणसाने शंभर फुटांवरून दोरीने वर यायचं आणि कागद दाखवायचा. कागद तंबूत राहिला असेल, पाण्याने भिजून लगदा झाला असेल, तरी पाच पौंड दंड. तुरुंगाची सोय नसली की माणसाला ओंडक्याला किंवा झाडाला साखळीने बांधून ठेवत. पोलीस दिसले की खोऱ्यात एकच आरोळी उठे, "जो! जो!" गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोब यांच्या नावातला हा जो. जून १८५४ मध्ये नवे गव्हर्नर हॉथम आले. तिजोरी तुटीत बघून त्यांनी तपासणी आठवड्यातून दोनदा करायला लावली.

पण सरकारलाही खर्च होताच ना?

होता. रस्ते, पोलीस, सोनं मेलबर्नला नेणारा बंदोबस्त, हे सगळं फुकट होत नाही. डिगरही कर द्यायला नाही म्हणत नव्हते. ज्याला मिळालं त्याच्याकडून घ्या, एवढंच म्हणणं. सोनं वसाहतीबाहेर जाताना औंसामागे कर लावला की काम भागतं, आणि पुढे तेच झालं. हे आधीच केलं असतं तर ती सत्तावीस माणसं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

३ डिसेंबर १८५४

ऑक्टोबरमध्ये जेम्स स्कोबी नावाच्या डिगरचा युरेका हॉटेलजवळ खून झाला. हॉटेलमालक बेंटली याची मॅजिस्ट्रेटशी ऊठबस होती, तो सुटला. जमावाने १७ ऑक्टोबरला हॉटेल जाळलं. (पुढे बेंटलीवर पुन्हा खटला होऊन तो दोषी ठरला.) ११ नोव्हेंबरला डिगरनी संघटना काढली. मागण्यांत परवाना रद्द करा हे होतंच, पण त्याच्या वर होतं मत, प्रत्येक पुरुषाला मत. २९ तारखेला बेकरी हिलवर हजारोंच्या सभेत परवाने जाळले गेले आणि निळ्या कापडावर पांढऱ्या ताऱ्यांचा झेंडा चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकाऱ्यांनी काय करावं? पुन्हा तपासणी काढली.

आयरिश डिगर पीटर लेलर पुढे झाला. झेंड्याखाली शपथ झाली, एकमेकांना साथ देऊ आणि आपल्या हक्कांसाठी लढू. फळ्या-ओंडक्यांचं कुंपण उभं राहिलं. शनिवारी रात्री बहुतेक जण आपापल्या तंबूत गेले, रविवारी कुणी हल्ला करणार नाही या भरवशावर. आत उरले सुमारे १२०. पहाटे पावणेतीनशे सैनिक आणि पोलीस चालून आले. पाव तासात सगळं संपलं. किमान २२ डिगर आणि ५ सैनिक मेले. लेलरचा डावा हात गेला.

तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला चालला. पहिला आरोपी जॉन जोसेफ, अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय. ज्यूरीने त्याला सोडलं, आणि मग एकेक करत तेराही सुटले. सरकारच्या बाजूने निकाल द्यायला मेलबर्नचे बारा सामान्य लोक तयार नव्हते.

१८५५ मध्ये परवाना गेला आणि मायनर्स राइट आला. वर्षाला एक पौंड. तो कागद ज्याच्या हातात, त्याला क्लेम घेण्याचा हक्क, आणि मतही. क्लेमची भांडणं सोडवायला डिगरनी निवडून दिलेली स्थानिक न्यायालयं आली. सोन्याच्या निर्यातीवर औंसाला अडीच शिलिंग कर बसला. त्याच वर्षाच्या शेवटी एका हाताचा लेलर विधान परिषदेत बसला.

तो झेंडा बॅलरॅटला मंद उजेडाच्या खोलीत ठेवला आहे. हातांनी शिवलेला, मूळचा जवळपास चार मीटर लांब. निळा रंग उडाला आहे आणि एका बाजूचा मोठा भाग नाहीच. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले. शिवणीचे टाके अजून स्पष्ट दिसतात.

हक्क सगळ्यांना मिळाला का?

नाही. आणि हा भाग गाळून ही गोष्ट सांगितली जाते, ते मला पटत नाही.

ज्या १८५५ मध्ये मायनर्स राइट आला, त्याच वर्षी व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसला. मग जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदराला माणसं उतरवू लागली. तिथून बॅलरॅट-बेंडिगो चारशे किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि हजारो लोक खांद्यावर कावड घेऊन ते अंतर चालत गेले. १८५७ मध्ये असंच चालत जाणाऱ्या एका चिनी तांड्याला वाटेत सोनं लागलं, आणि अरारत गावाची भरभराट तिथून सुरू झाली. इतरांनी टाकून दिलेली माती पुन्हा चिकाटीने धुऊन हे लोक पोट भरत. तरी त्याच वर्षी ४ जुलैला बकलंड खोऱ्यात गोऱ्या डिगरनी त्यांचे तंबू जाळून त्यांना हाकलून लावलं. त्यात काही चिनी दगावले.

आणि बॅलरॅटची जमीन मुळात वाडावुरुंग लोकांची. गावाचं नावही त्यांच्याच भाषेतलं, विसाव्याची जागा अशा अर्थाचं. क्लेम आठ फुटांचा की बारा, हा वाद होत राहिला. पण ज्यांच्या जमिनीवर खुंट्या ठोकल्या जात होत्या त्यांना कुणी एका शब्दानेही विचारलं नाही.

मग श्रीमंत कोण झालं?

थोडे. १८५८ मध्ये बेकरी हिलखाली कॉर्नवॉलच्या २२ खाणकामगारांना ६९ किलोचा गोळा मिळाला. १८६९ मध्ये मोलियागुलला डीसन आणि ओट्स या दोघांना त्याहून मोठा सापडला, जमिनीच्या जेमतेम एक इंच खाली. तो मावेल असा तराजूच नव्हता, ऐरणीवर फोडावा लागला. अशा बातम्यांनी माणसं येत राहिली. बहुतेकांचं मात्र पोटापुरतं भागलं किंवा तेही नाही. पक्का नफा झाला तो कुदळी, पीठ आणि बूट विकणाऱ्यांचा. विहिरी आणखी खोल गेल्या तशी वाफेची इंजिनं लागली, इंजिनांना भांडवल लागलं, आणि कंपन्या आल्या. आठ बाय आठचा धनी कंपनीच्या पगारावर खाली उतरू लागला.

भाच्याचा कागद

आजचा मायनर्स राइट त्या १८५५ च्या कागदाचाच वारस. हाताची अवजारं आणि डिटेक्टर चालतात, स्फोटकं आणि यंत्रं नाहीत. खासगी जमिनीत मालकाची परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक ठिकाणी मनाई आहे. जागा मात्र कुणाला राखून मिळत नाही, आता रुमाल टाकायची सोय उरलेली नाही. सापडेल ते आपलं, आणि खणलेला खड्डा बुजवणं बंधनकारक.

भाच्याला आतापर्यंत मिळालं आहे ते एवढं: गंजलेले चौकोनी खिळे, शिशाच्या दोन गोळ्या आणि एका बुटाची टाच. ती टाच त्याने टेबलावर ठेवली आहे. टाकू नकोस म्हणून मी सांगितलंय.